साप्ताहिकाच्या ॲपचे रिव्ह्यू कसे वाचायचे?

प्ले स्टोअरवर एखाद्या साप्ताहिकाचं ॲप शोधलं की आधी नजर जाते ती ताऱ्यांवर. ४.३ म्हणजे छान, ३.१ म्हणजे नको, असा आपला साधा हिशोब असतो. मी दोन वर्षं अशाच एका साप्ताहिकाच्या अँड्रॉइड ॲपवर काम केलं. रोज सकाळी रिव्ह्यू वाचणं हा तिथे कामाचाच भाग होता. त्यावरून सांगतो, ताऱ्यांपेक्षा खालचा मजकूर वाचा.

एक तर तो आकडा म्हणजे सगळ्या मतांची सरळ सरासरी नसते. २०१९ पासून गूगल अलीकडच्या मतांना जास्त वजन देतं आणि २०२१ पासून रेटिंग देशानुसार दिसतं. म्हणजे पुण्यातल्या आईला आणि न्यू जर्सीतल्या मुलीला एकाच ॲपचा आकडा वेगळा दिसू शकतो. शिवाय मुखपृष्ठावरची एखादी बातमी लोकांना खटकली, की त्या आठवड्यात एक ताऱ्यांचा पाऊस पडतो. त्यात ॲपचा काय दोष? असे रिव्ह्यू सोडून द्या.

'पैसे परत कापले' ही तक्रारही कायम दिसते. बऱ्याचदा वाचकाने ॲप काढून टाकलेलं असतं, पण वर्गणी चालूच असते. ॲप अनइन्स्टॉल केल्याने वर्गणी बंद होत नाही. ती प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊनच रद्द करावी लागते.

'डाउनलोड केलेले अंक गायब झाले'

ही तक्रार दिसली की मात्र थांबा. आमच्याकडे ती महिनोन्‌महिने येत होती आणि आम्ही ठरलेलं उत्तर चिकटवत होतो: 'कृपया ॲप पुन्हा इन्स्टॉल करा.'

मग एक दिवस रत्नागिरीहून मामाचा फोन आला. "काय रे, तुझ्या ॲपने माझे अंक खाल्ले! एसटीत वाचायला म्हणून उतरवून ठेवले होते." घाटात रेंज नसते, म्हणून तो घरच्या वायफायवर अंक उतरवून घ्यायचा. आमचं उत्तर वाचून त्याने ॲप काढून परत टाकलं होतं, त्यामुळे उरलेले अंकही गेले.

त्या रात्री कोड उघडून बघितला. अँड्रॉइडमध्ये ॲपला फायली ठेवायला दोन जागा मिळतात. एक कायमची, दुसरी कॅशे, म्हणजे तात्पुरती. फोनची मेमरी भरत आली की सिस्टीम कॅशेमधल्या फायली न विचारता पुसू शकते. 'क्लिअर कॅशे' दाबलं तरी तेच होतं. आम्ही अंक ठेवले होते कॅशेत! आणि ॲप अनइन्स्टॉल केलं की या दोन्ही जागा रिकाम्या होतात. म्हणजे आमचा सल्ला दुखण्यापेक्षा वाईट होता. दुरुस्ती छोटीच होती, फायलींची जागा बदलायची. पण ती लक्षात यायला मामा लागला, याची लाज अजून वाटते.

म्हणून वर्गणी भरण्याआधी रिव्ह्यू 'नवीनतम' क्रमाने लावा आणि 'ऑफलाइन', 'डाउनलोड' हे शब्द शोधा. कंपनीची उत्तरंही बघा. प्रत्येकाला तेच वाक्य असेल, तर आत कोणी वाचत नाहीये असं समजा (आमच्याकडे वाचत होते, तरी हे झालं).

स्वतः लिहिताना 'बकवास ॲप' एवढंच लिहू नका. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि काय केल्यावर काय झालं, एवढं लिहा. ५०० अक्षरांत बसतं. रिव्ह्यू नंतर बदलताही येतो.

मामाने बदलला. एकाचे तीन तारे केले आणि खाली लिहिलं, 'अंक राहतात, पण अक्षर बारीक. मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर जाते.' तेही खरंच होतं. आमचा अंक म्हणजे छापील पानांची पीडीएफ. त्यात फॉन्ट जुना, युनिकोडच्या आधीचा, त्यामुळे 'ऊस' शोधलं तर काहीच सापडत नाही आणि फोनला मोठ्याने वाचायला सांगितलं तर भलतंच वाचतो. हे मात्र जागा बदलून सुटणारं नव्हतं. प्रत्येक लेख वेगळा, युनिकोडमध्ये भरावा लागतो आणि त्यासाठी माणूस लागतो. मी सोडलं तेव्हा ते काम सुरू झालेलं नव्हतं.