पीएचडीचा अभ्यास ऑनलाइन : सोयीचा मार्ग, पण नियम आणि नियमितता हवीच

पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याची दिनचर्या गेल्या काही वर्षांत पार बदलली आहे. मार्गदर्शकांशी चर्चा व्हिडिओ कॉलवर होते, संदर्भ संगणकाच्या पडद्यावर वाचले जातात आणि प्रगती अहवाल ई-मेलने रवाना होतो. २०२०च्या टाळेबंदीत नाइलाजाने स्वीकारलेली ही पद्धत आज अनेकांच्या सोयीची ठरली आहे. महाविद्यालयात तासिका घेऊन रात्री प्रबंध लिहिणारा अधिव्याख्याता, लहान मूल सांभाळून संशोधन करणारी आई, विद्यापीठापासून दूर तालुक्याच्या गावी राहणारा विद्यार्थी अशा साऱ्यांना तिचा आधार वाटतो. मात्र या सोयीबरोबर दोन धोकेही आले आहेत. एक, झटपट 'ऑनलाइन पीएचडी' देऊ करणाऱ्या जाहिरातींचा. दुसरा, चार भिंतींत एकट्याने केलेल्या अभ्यासात हळूहळू उमेद संपून जाण्याचा. या दोहोंपासून सावध राहिल्यास ऑनलाइन साधने संशोधकाचे मोठे बळ ठरू शकतात.

अभ्यास ऑनलाइन, पदवी मात्र नाही

सर्वप्रथम नियम नीट समजून घ्यावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) नोव्हेंबर २०२२मध्ये अधिसूचित केलेल्या नियमावलीनुसार कोणत्याही विद्यापीठाला किंवा संस्थेला दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडीचा कार्यक्रम चालवता येत नाही. त्याआधी ऑक्टोबर २०२२मध्ये यूजीसी आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने संयुक्त सूचना काढून, खासगी शिक्षण कंपन्यांनी परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने देऊ केलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नसल्याचे स्पष्ट केले होते. असा कार्यक्रम स्वीकारणाऱ्याचे शुल्क आणि आयुष्यातील काही वर्षे वाया जातात. शिवाय अशा पदवीवर प्राध्यापकपदासाठी अर्ज केल्यास ती छाननीत टिकत नाही.

नोकरदारांसाठी कायदेशीर मार्ग आहे तो अर्धवेळ पीएचडीचा. त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि आवश्यक तेव्हा अभ्यासक्रमासाठी कार्यमुक्त केले जाईल, अशी हमी त्यात असावी लागते. म्हणजेच नियमित विद्यापीठात नोंदणी, त्याच दर्जाची परीक्षा आणि सोबतीला ऑनलाइन साधनांचा आधार, असे हे सूत्र आहे.

मुदतीचे गणित

पीएचडीचा किमान कालावधी तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत मिळू शकते. मात्र एकूण कालावधी दहा वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद आहे.

सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्र हा विषय त्यात अनिवार्य आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयं' मंचावर (आरंभ २०१७) आणि आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या 'एनपीटीईएल' उपक्रमात संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, शास्त्रीय लेखन अशा विषयांचे अभ्यासक्रम उपलब्ध असतात. शिकणे विनामूल्य असते. प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी शुल्क भरावे लागते. हे श्रेयांक ग्राह्य धरले जातील काय, याविषयी आपल्या संशोधन केंद्राकडून आधीच लेखी उत्तर घ्यावे. परीक्षा दिल्यानंतर विचारणा करणे महागात पडू शकते.

ग्रंथालय घरी आले

गांधीनगर येथील 'इन्फ्लिबनेट' केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात भारतीय विद्यापीठांतील पाच लाखांहून अधिक प्रबंध विनामूल्य वाचता येतात. विषय निश्चित करण्यापूर्वी तेथे किमान आठवडाभर शोध घ्यावा. आपल्या विषयावर आधी काय झाले आहे हे कळते, शिवाय चांगल्या प्रबंधाची मांडणी कशी असते याचा वस्तुपाठही मिळतो. मंजूर झालेले संशोधन आराखडे 'शोधगंगोत्री'वर पाहता येतात.

नियतकालिकांच्या महागड्या वर्गणीचा प्रश्नही काही प्रमाणात सुटला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके समाविष्ट असून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. ही योजना प्रामुख्याने सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्थांसाठी आहे. तेव्हा आपली संस्था तिच्यात आहे का आणि घरून प्रवेश कसा मिळतो, याची चौकशी ग्रंथपालांकडे जरूर करावी. इतिहास, समाजशास्त्राच्या अभ्यासकांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे 'ग्रंथसंजीवनी' ही संकेतस्थळे उपयुक्त आहेत.

वाचलेल्या प्रत्येक लेखाची नोंद पहिल्या दिवसापासून 'झोटेरो'सारख्या विनामूल्य आज्ञावलीत ठेवावी. शेवटच्या महिन्यात शेकडो संदर्भ शोधत बसण्याची वेळ त्यामुळे येत नाही. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी आरंभापासून युनिकोडचाच वापर करावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत बदलतो आणि त्यात शोधही घेता येत नाही. प्रबंधाच्या तीन प्रती तीन ठिकाणी असाव्यात : संगणकावर, वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि ऑनलाइन साठवणीत.

मार्गदर्शकांशी संवाद

विभागात रोज भेट होत असली की लहानसहान शंका चहाच्या कपावर सुटतात. ऑनलाइन अभ्यासात ती सोय नसते. म्हणून सर किंवा मॅडमशी बोलून पंधरवड्यातील एक दिवस व वेळ कायमची ठरवून घ्यावी. भेटीच्या दोन दिवस आधी दोन पानांचे टिपण पाठवावे : काय झाले, कुठे अडले, कोणता निर्णय हवा. भेट संपल्यावर ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी ई-मेलने कळवाव्यात. पुढे मतभेद झाल्यास ही नोंद दोघांच्याही उपयोगी पडते. काम झालेले नाही म्हणून भेट टाळण्याचा मोह होतो. नेमक्या त्याच वेळी भेट सर्वाधिक गरजेची असते.

नियमानुसार प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचे सादरीकरण करावे लागते. त्याकडे उपचार म्हणून न पाहता, प्रबंधाचे एकेक प्रकरण पूर्ण करण्याची मुदत म्हणून पाहिल्यास सहा वर्षांचा डोंगर लहान लहान टप्प्यांत विभागला जातो.

एकत्र बसून एकटे लिहावे

लेखनाची बैठक जमणे हीच अनेकांची खरी अडचण असते. अमेरिकेत २००७च्या सुमारास सुरू झालेली 'गप्प बसा आणि लिहा' ही पद्धत यावर उपयोगी ठरली आहे. चार-पाच संशोधकांनी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर यावे, आज काय लिहिणार ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगावे, आवाज बंद करून २५ मिनिटे लिहावे आणि पाच मिनिटे विश्रांती घ्यावी. २५ मिनिटांचा हा हिशेब इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील गजराच्या घड्याळावरून बसवला. सोबत्यांचे विषय वेगळे असले तरी बिघडत नाही. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, एवढी जाणीवही माणसाला टेबलापर्यंत आणते.

चौर्य आणि फसवी नियतकालिके

यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास कारवाई होत नाही. दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो, चाळीस ते साठ टक्क्यांपर्यंत वर्षभर मनाई होते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत अधिक दक्षता हवी. अस्तित्वातच नसलेले संदर्भ ही साधने बेमालूम तयार करतात. जो लेख स्वतः उघडून वाचला नाही, तो संदर्भसूचीत घालू नये.

पीएचडीपूर्वी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरील सक्ती २०२२मध्ये काढण्यात आली; मात्र आपल्या विद्यापीठाचे नियम तपासावेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राच्या साह्याने २०१९पासून चालवली जाणारी 'यूजीसी-केअर' यादी २०२५मध्ये बंद करण्यात आली. त्यामुळे नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी आता संशोधक आणि त्याच्या संस्थेवर आहे. पैसे भरताच आठवड्यात छापण्याचे आश्वासन देणाऱ्या नियतकालिकापासून दूर राहणेच श्रेयस्कर.

मन खचू लागले तर

२०१८मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २६ देशांतील २,२७९ जणांनी भाग घेतला. त्यात बहुसंख्य पीएचडीचे विद्यार्थी होते. ३९ टक्के जणांत मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. सहभागी स्वेच्छेने पुढे आलेले असल्याने हा आकडा सर्वांना जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु आपण एकटेच मागे पडलो आहोत ही समजूत किती चुकीची आहे, ते त्यातून दिसते. झोप उडणे, मार्गदर्शकांचा फोन टाळणे, फाइल उघडण्याचीच भीती वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. घरच्यांनीही 'कधी संपणार?' याऐवजी 'आज किती वेळ हवा?' असे विचारले, तर मोठे ओझे हलके होते.

चिकाटीची परंपरा

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरे धुंडाळली आणि १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड प्रसिद्ध केली. कमला सोहोनी यांना १९३३मध्ये स्त्री असल्याच्या कारणावरून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारण्यात आला. आग्रह धरल्यावर तो मिळाला तोही अटींवर. पुढे १९३९मध्ये त्यांनी केंब्रिजमधून जीवरसायनशास्त्रात पीएचडी मिळवली. राजवाड्यांना ज्या कागदांसाठी पायपीट करावी लागली, तशा कागदांच्या प्रती आज घरबसल्या उघडता येतात. जे दार सोहोनींना ठोठवावे लागले, ते आज अधिक खुले आहे. त्या कागदांना कोणता प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत रोज टेबलाशी किती वेळ बसायचे, हे मात्र आजही संशोधकालाच ठरवावे लागते.