कृष्णेच्या प्रवाहाविरुद्ध एक दिवस

इतिहासाची पुस्तके वाचताना आपण अंतरे वाचत नाही. सातारा, वाई, मेणवली, जावळी ही नावे अनुक्रमणिकेत निरनिराळ्या पानांवर येतात. त्यामुळे ती निरनिराळ्या जगांत असावीत असा समज आपल्या मनात नकळत रुजतो. हा समज मोडण्यासाठी सायकलीसारखे साधन नाही. मोटारीत बसलेल्या माणसाला नदीचा उतार कळत नाही, सायकलवाल्याच्या मांड्यांना तो कळतो. साताऱ्याहून पहाटे निघून माहुली, लिंब, वाई, मेणवली, धोम आणि परतताना कुडाळ, मेढा असा शंभराहून थोडा अधिक किलोमीटरचा फेरा एका दिवसात पुरा होतो. पहिला अर्धा दिवस कृष्णेच्या प्रवाहाविरुद्ध जातो आणि शेवटचा टप्पा वेण्णेच्या प्रवाहासोबत. या फेऱ्यात जे मनात जुळत गेले, ते येथे मांडतो.

आरंभ माहुलीपासून करावा, कारण येथे कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात. संगम माहुली आणि क्षेत्र माहुली अशी नदीच्या दोन काठांवरची ही दोन गावे. प्रतिनिधींच्या काळातली काळ्या दगडाची देवळे, रुंद घाट आणि सातारच्या राजघराण्याच्या समाध्या. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. त्यांच्यामागे राणी सकवारबाई सती गेल्या. शाहूंच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी येथे दाखवतात. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे मूळ गाव हेच. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्याची चौकशी करून रघुनाथरावांवर ठपका ठेवणारा हा माणूस याच मातीतला होता. याच माहुलीत ऑगस्ट १८१७मध्ये सर जॉन माल्कम दुसऱ्या बाजीरावाला भेटला आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली.

पण माहुलीत पाय अडतो तो ताराबाईंच्या समाधीशी. १७०० साली राजाराम महाराज वारले आणि त्याच वर्षी साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला. त्यानंतर सात वर्षे मोगल बादशहाशी झुंजणारी ही स्त्री डिसेंबर १७६१मध्ये साताऱ्यात वारली. म्हणजे पानिपतची बातमी ऐकूनच तिने डोळे मिटले. तिची समाधी अनेक वर्षे पडझडीत, नदीच्या गाळात आणि लोकांच्या विस्मृतीत राहिली. पाठ्यपुस्तकात जिच्यावर परिच्छेद लिहिले जातात, तिच्या समाधीचा दगड शोधावा लागावा, ही गोष्ट दिवसभर सायकलीच्या मागे येत राहते.

माहुलीहून प्रवाहाविरुद्ध निघाले की थोड्या वेळाने लिंब लागते. महामार्गापासून आत वळल्यावर उसाच्या शेतांच्या मध्ये बारा मोटेची विहीर आहे. तिच्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४, असा काळ आणि विरुबाईंचे नाव आहे. शाहूंच्या अंतःपुरात मोठा अधिकार असलेल्या या बाईने बांधलेली विहीर अष्टकोनी असून तिच्या पोटात, पाण्याच्या वर, चक्क एक लहानसा महाल आहे. बांधकाम सुरू झाले त्याच वर्षी बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले होते. इतिहासाच्या ग्रंथांत १७१९ हे साल चौथाई-सरदेशमुखीचे आहे. लिंबच्या दगडावर ते आमराईच्या पाण्याचे आहे. दोन्ही खरे. पण पहिले आपण पाठ करतो आणि दुसऱ्यासाठी आडरस्त्याला वळावे लागते.

पाचवडहून वाईकडे वळताना डोंगर जवळ येतात. वाई हे विद्येचे आणि घाटांचे गाव. १६५९ साली अफजलखान प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी येथेच तळ देऊन होता. शिवाजी महाराज त्या संकटातून सुखरूप पार पडावेत म्हणून कृष्णामाईला केलेल्या नवसातून येथला कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी अठराव्या शतकात बांधले. आपल्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र वाईचा अर्थ आणखी वेगळा आहे. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा, तेथे १९१७च्या सुमारास शिकायला आलेले विनोबा, आणि पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश, हे सारे या घाटांच्या सावलीतले. मराठीला जगाचे ज्ञान देण्याचे काम मुंबई-पुण्याऐवजी एका नदीकाठच्या गावातून व्हावे, हा योगायोग नव्हे. वेदशाळेची जुनी शिस्त येथे विश्वकोशाच्या कामी आली.

वाईपासून अवघ्या तीन किलोमीटरांवर मेणवली. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा, चंद्रकोरीच्या आकाराचा घाट, आणि घाटावरच्या लहान देवळात टांगलेली, मेरीची प्रतिमा असलेली चर्चची घंटा. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर ती आली असे सांगतात. मेणवली गाव नानांना मिळाले ते १७६८ साली, भवानराव प्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून. आता हे नीट वाचावे. प्रतिनिधी आणि मंत्री हे छत्रपतींचे अधिकारी. नाना पेशव्यांचा फडणीस. म्हणजे राजाच्या मानकऱ्यांनी राजाच्या सेवकाच्या सेवकाला गाव दिले. १७५० साली सांगोल्यात ठरलेल्या करारात सत्ता पेशव्यांकडे गेली. त्याच वर्षी ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि छत्रपतींची राजधानी छत्रपतींचाच तुरुंग झाली. या घडामोडींचा अर्थ ग्रंथांत अनेक प्रकरणांत सांगितलेला असतो. सकाळी राजांच्या समाध्या पाहून दुपारी कारभाऱ्याच्या वाड्यात पाणी पिताना तो एका वाक्यात कळतो: सत्ता प्रवाहाविरुद्ध गेली. नदी वाड्याकडून समाधीकडे वाहते.

आणि वाडा उभा आहे; समाधी ढासळली. पण वाड्यातलेही सारे वाड्यात राहिले नाही. नानांचे दप्तर, ज्यात पेशवाईच्या उत्तरार्धाचा कणा आहे, दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांच्या प्रयत्नांनी साताऱ्याला आले आणि पुढे त्यांच्या संग्रहासह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. कागद वाचले ते हलवल्यामुळे. दगड हलवता येत नाही. त्याला गावानेच सांभाळावे लागते. इतिहासाचे अध्यापन आपण कागदांवर उभे केले म्हणून कागदांना अभ्यासक मिळाले. दगडांना फक्त शेजारी मिळाले.

मेणवलीपुढे धोम. कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आणि नरसिंहाचे देऊळ पाहून धरणाच्या भिंतीकडे जावे. येथे कृष्णा नदी राहत नाही, तलाव होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या धरणाने खालच्या शेतांना पाणी दिले आणि वरच्या गावांची जमीन घेतली. संध्याकाळी मेढ्याहून साताऱ्याकडे उतरताना वेण्णेवरच्या कण्हेर धरणाचे पाणी बाजूला दिसते, तेथेही तसेच. १६५६ साली शिवाजी महाराजांनी ज्या जावळीवर ताबा मिळवला, तिच्याच तालुक्याचे मेढे हे आजचे ठिकाण. कुडाळहून डोंगराची धार ओलांडून येथे येताना, मोऱ्यांना या दऱ्यांचा एवढा भरवसा का वाटला असेल, हे छाती फुलून आल्यावर समजते.

तलावाखालच्या गावांची बखर कोणी लिहिली नाही. त्यांची देवळे कुठे गेली, वाटा कुठून जात होत्या, हे सांगणारी पिढी आता म्हातारी झाली आहे. मेणवलीच्या दप्तराला पारसनीस भेटले, लिंबच्या विहिरीला तिच्या दगडानेच वाचवले, ताराबाईंच्या समाधीला बराच काळ कोणी भेटले नाही. या बुडालेल्या गावांना कोण भेटणार, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना द्यायला हरकत नाही. एक वही, एक जुना नकाशा आणि एखाद्या आजोबांपाशी बसण्याची तयारी, एवढे भांडवल पुरते.

अंधार पडता पडता साताऱ्यात शिरताना अजिंक्यतारा समोर दिसतो. औरंगजेबाने त्याचे नाव आझमतारा ठेवले होते. ते टिकले नाही. नावे बदलता येतात, पण नदीची दिशा बदलता येत नाही, असे पहाटे निघताना मी मनात म्हटले होते. दोन धरणे पाहून आल्यावर तेही वाक्य मागे घ्यावे लागले.