तुटलेली शीर आणि जुळलेला हात

सातारा-सांगलीकडील शेतकऱ्याचा विळा निसटून बोटांत खोल गेला आणि बोट मिटेनासें झालें, कीं घरचीं माणसें म्हणतात, "शीर तुटली." रक्तवाहिनी, मज्जातंतु आणि स्नायूला हाडाशीं जोडणारी कंडरा, या तिघांनाहि 'शीर' हा एकच शब्द चालतो. असाच घोटाळा शस्त्रवैद्यकाच्या इतिहासांत अनेक शतकें अनर्थ करीत राहिला.

भारतीय वैद्यांनीं कंडरेला स्वतंत्र नांव दिलें होतें. सुश्रुतसंहितेंत सोळा कंडरा सांगितल्या असून त्यांपैकीं चार हातांच्या आहेत. युरोपांत मात्र दुसऱ्या शतकांतील गेलननें कंडरेंत मज्जातंतूंचा अंश मानला. त्यामुळें तिला टांका घातल्यास झटके येतील, ही धास्ती पिढ्यानपिढ्या टिकली. इब्न सिनानें टांका घालण्याचा सल्ला दिला, तरी भय गेलें नाहीं. 1752 सालीं हालरनें कंडरेला संवेदना नसल्याचें प्रयोगांनीं दाखविलें, तेव्हां कोठें वाट मोकळी झाली.

तरीहि दुसरी अडचण उरलीच. बोट मिटविणाऱ्या दोन कंडरा एका अरुंद नळींतून सरकतात; जखम भरतांना त्या नळीला चिकटल्या, कीं शिवण पक्की असूनहि बोट ताठ राहतें. अमेरिकेंतील स्टर्लिंग बनेल यानें या भागाला दोन सैन्यांमधील ओसाड भूमीची उपमा दिली आणि तेथें तत्काळ टांका घालूं नये, असें सांगितलें. 1967 सालीं क्लायनर्टनें तत्काळ टांका आणि रबरी फितीच्या साह्यानें लवकर हालचाल, या मार्गाचें यश मांडलें आणि तें मत बदललें.

दक्षिण महाराष्ट्रांत आधुनिक शस्त्रवैद्यक रुजविण्यांत विल्यम वॉन्लेस यांचा मोठा वांटा आहे. त्यांनीं मिरजेस 1894 सालीं रुग्णालय व 1897 सालीं वैद्यकीय शाळा काढली. तेथील कुष्ठधामाच्या स्थापनेसहि साह्य केलें. पुढें 1949 सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 सालीं त्याचें नांव सांगली पडलें. मिरजेचा वैद्यकीय लौकिक मात्र कायम राहिला.

कुष्ठरोग्याच्या वांकड्या बोटांनीं 'शीर' शब्दांतील भेद उघड केला. तेथें कंडरा शाबूत असते. मज्जातंतु निकामी झाल्यानें हाताचे लहान स्नायु लुळे पडतात. 1946 सालीं वेल्लोरास आलेल्या पॉल ब्रँड यांनीं चांगल्या स्नायूची कंडरा वळवून अशा बोटांस जोडली. नंतर त्या स्नायूला नवें काम शिकवावें लागे. शस्त्रक्रियेइतकेंच महत्त्व या शिक्षणाला होतें.

मिरजेचा तंबोरा बनविणारा कारागीर जाणतो, कीं तार सैल राहिली तर बोलत नाहीं आणि फाजील ताणली तर तुटते. शिवलेल्या कंडरेचेंहि तसेंच आहे. हात सुमारें सहा आठवडे आधारपट्टींत ठेवून, पहिल्या दिवसांपासून वैद्याच्या देखरेखीखालीं बोटें हलवावीं लागतात. जड काम साधारण बारा आठवड्यांपर्यंत वर्ज्य. भीतीनें हात बांधून ठेवला तर कंडरा चिकटते. बरें वाटलें म्हणून आठवड्याभरांत घागर उचलली तर शिवण सुटते. ऊसतोडीच्या दिवसांत तीन महिने हात राखणें गरीब घराला जड जातें. पण ते तीन महिने घरानें सोसले, तरच शस्त्रवैद्याचा टांका सार्थकीं लागतो.