मेक्सिकोतील पोलादी लक्ष्ये

मेक्सिकोच्या ग्रामीण भागात पूर्वी जत्रेत दूरवर जिवंत प्राणी बांधून नेमबाजीच्या स्पर्धा होत. 1948 च्या सुमारास त्यांच्या जागी पोलादी आकृत्या आल्या. कोंबडी 200 मीटरवर, रानडुक्कर 300 मीटरवर, टर्की 385 मीटरवर आणि मेंढा 500 मीटरवर, अशी त्यांची मांडणी रूढ झाली. नेमबाज आधाराविना, उभ्यानेच रायफल झाडतो. गोळी लागून आकृती खाली पडली तरच गुण मिळतो. आडवा वारा गोळीला बाजूला ढकलतो आणि अंतर वाढते तशी ही चूक झपाट्याने वाढते. म्हणून हलणारे गवत, उडणारी धूळ आणि उन्हाची झळ पाहून वाऱ्याचा अंदाज घेणे हेच या खेळातले खरे कौशल्य ठरले. पुढे हा खेळ अमेरिकेतही रुजला.