बालाघाटाच्या घळींतला इतिहास

धबधबा म्हटला की आपले मन पश्चिमेकडे धावते. आंबोली, ठोसेघर, फार तर गिरसप्पा. धाराशिव जिल्ह्याचे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभी राहते ती ज्वारी, ती तुळजाभवानी आणि तो दुष्काळ. या जिल्ह्यातील नद्यांच्या घळी आणि धबधबे पायी हिंडून पाहावयाचे, असा बेत आम्ही चारचौघांत बोलून दाखविला तेव्हा एका स्नेह्याने हसून विचारले, ‘पिण्याचे पाणी तरी बरोबर नेणार ना?’ प्रश्न चेष्टेचा होता. पण आजच्या विषयाचे मूळ त्याच प्रश्नात आहे. जेथे आठ महिने पाण्याची ओढ, तेथे ज्या घळीत पाणी झिरपते, साठते आणि टिकते ती घळ माणूस सोडीत नाही. तेथे तो लेणे कोरतो, देव बसवितो, किल्ला उभारतो, आणि पुढे राज्याराज्यांची सीमा आखायची वेळ आली म्हणजे पहारेही तेथेच बसवितो. आमच्या भागाचा इतिहास हमरस्त्यावर थोडा आणि घळींत अधिक सापडतो, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

प्रथम भूमीचा आकार ध्यानात घेऊ. बालाघाट म्हणजे वरचा घाट. खालचा तो पाईनघाट. ही नावे मुसलमानी अमलातील कारभाराने रूढ केली आणि ती भूगोलाला धरूनच होती. सोलापुराकडून तुळजापूरला येणारा माणूस घाट चढतो तेव्हा वर डोंगराचा माथा लागेल अशी त्याची कल्पना असते. पण वर लागते ते सपाट पठार. डोंगर म्हणून जो दिसत होता तो पठाराचा तुटलेला काठ. या काठावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. एका बाजूचे पाणी सीना आणि बोरी यांच्या वाटेने भीमेला व पुढे कृष्णेला मिळते. दुसऱ्या बाजूचे तेरणेतून मांजरेला आणि मांजरेतून गोदावरीला. एखाद्या माळावर उभे राहून लोटाभर पाणी सांडले तर ते कोणत्या थोर नदीचे होईल, हे हातभर अंतराने ठरावे, अशी ही जागा आहे. आणि योगायोग असा की, निजामाचे राज्य आणि इंग्रजांचा मुंबई इलाखा यांची हद्दही बऱ्याच ठिकाणी या काठाच्या आसपासच धावत होती. वर धाराशिव, तुळजापूर. खाली बार्शी, सोलापूर.

काठ तुटलेला आणि खडक थरांचा, म्हणून घळी. आमचा काळा पाषाण एकाच वेळी ओतला गेलेला नाही. लाव्हारसाचे थर एकावर एक बसले. कोठे घट्ट, कोठे फुगीर व ठिसूळ, मधूनच तांबड्या मातीचा पट्टा. ओढ्याचे पाणी ठिसूळ थर लवकर खाते, वरचा घट्ट थर छज्जासारखा पुढे राहतो, आणि त्यावरून धार पडू लागते. पायथ्याशी डोह होतो, डोहामागे कपार पडते, कालांतराने छज्जा कोसळतो, की धबधबा चार हात मागे सरकतो. घळ म्हणजे मागे मागे सरत गेलेल्या धबधब्याने ठेवलेला माग. हे एकदा उमगले म्हणजे कोरड्या घळीतही पाणी वाचता येते. ते वाचण्यासाठी मात्र पायी जावे लागते. मोटारीतून घळ दिसत नाही. दिसतो तो फक्त पूल.

येडशीच्या रामलिंगाला आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ साली बार्शी रोडहून, म्हणजे कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत सुरू झाली आणि पुढे वाढत वाढत १९११ मध्ये लातूरला पोहोचली. तिच्या वाटेवर येडशी आले आणि रामलिंगाची यात्रा खालच्या मुलखातील लोकांनाही सोपी झाली. तेथे देवळाला जायचे तर चढावे लागत नाही, उतरावे लागते. आपल्याकडे देव बहुधा डोंगरावर. येथे तो घळीच्या तळाशी. पावसाळ्यात देवळामागे धार कोसळते, ओढा देवळाला वळसा घालून जातो, झाडी इतकी दाट की आपण बालाघाटात आहो याचा विसर पडावा. (वानरे मात्र विसर पडू देत नाहीत, हातातील पिशवी सांभाळावी.) १९९७ मध्ये या परिसराचे अभयारण्य झाले, ही चांगली गोष्ट.

तेथील कथा सर्वांना ठाऊक आहे. रावणाने घायाळ केलेला जटायू तहानेने व्याकूळ झाला. रामाने खडकात बाण मारून पाणी काढले. रामायणाच्या जागा देशात गावोगाव आहेत, त्यांवर वाद घालण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आम्हांस या कथेत दिसते ते वेगळेच. पंचवटीला नाकाची कथा आहे, किष्किंधेला राज्याची. येथे सांगितली जाते ती तहानेची. अवर्षणाच्या मुलखाने रामकथेतून नेमका आपला प्रसंग उचलला.

आता हाच धागा धाराशिवच्या लेण्यांत कसा निघतो ते पाहा. गावापासून जवळच, डोंगराच्या घळीत, ही लेणी आहेत. जेम्स बर्जेसने १८७५-७६ च्या हंगामात बीदर व औरंगाबादकडील प्राचीन अवशेषांची पाहणी केली आणि १८७८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत या लेण्यांचे वर्णन आहे. ती मुळात बौद्धांची की जैनांची, हा पंडितांचा वाद जुना आहे. मुख्य लेण्याचा आराखडा मात्र अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी नाते सांगतो. मधोमध मोठा मंडप, भोवती खोल्या, आत गाभारा, असा तो थाट आहे. खाली तेरणेकाठी तेर आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असलेले जे ‘तगर’ सांगितले आहे ते हेच तेर, असे फ्लीटने १९०१ मध्ये दाखविले. इतक्या मोठ्या पेठेजवळ श्रमणांना वर्षावास काढायला जागा हवी होती. आणि जागा म्हणजे भिंत व छप्पर नव्हे, आधी पाणी.

कनकामर मुनीचे ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्य डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ साली संपादून प्रसिद्ध केले. त्यात राजा करकंड तेरापूरजवळच्या डोंगरात एक लेणे पाहतो. आतील मूर्तीवर एक गाठ त्याला दिसते. ती विद्रूप वाटते म्हणून तो ती फोडावयास सांगतो. कारागीर बजावतो की, लेणे कोरताना येथे झरा लागला होता, त्याला कोंडण्यासाठी ही गाठ ठेवली आहे. राजा ऐकत नाही. गाठ फुटते, आणि पाणी उसळून लेणे भरून जाते. कवीची कल्पना म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल. पण पावसाळ्याच्या अखेरीस या लेण्यांत शिरून भिंतींना हात लावून पाहावा. थरांच्या फटींतून पाझरणारे पाणी हाताला लागते. ज्याने ही कथा प्रथम रचली त्याने लेणे ऐन भाद्रपदात पाहिले असावे, असा आमचा तर्क आहे. आणि राजापेक्षा कारागिराला जागेचे ज्ञान अधिक होते, हेही त्या कवीने नोंदवून ठेवले.

तुळजापूरची घाटशीळ, गोमुख आणि कल्लोळ तीर्थे यांवर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. आज ती ओलांडून नळदुर्गला जाऊ.

बोरी नदी येथे खडकात खोल उतरली आहे. किल्ला तिच्या काठच्या कड्यावर, आणि पलीकडच्या काठावर रणमंडळ नावाचा छोटा किल्ला. या दोहोंच्या मधली घळ दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात दगडी बांध घालून अडविली. शिलालेखावरील हिजरी १०२२ म्हणजे इ. स. १६१३. बांधामुळे किल्ल्यातील फौजेला बारमाही पाणी झाले आणि दोन किल्ले जोडलेही गेले. एवढ्यावर काम भागले असते. पण बांधणाऱ्याने बांधाच्या पोटात महाल काढला, त्याला सज्जा ठेवला, आणि जादा पाण्याला वरून दोन वाटा करून दिल्या. पूर आला की या दोन वाटांनी पाणी खाली झेपावते. त्यांची नावे नर आणि मादी. धार सज्जाच्या बाहेरून पडते, आत थेंब येत नाही. बसणाऱ्यापुढे पाण्याचा पडदा मात्र असतो. हेच काम निसर्ग रामलिंगाला घट्ट थराच्या छज्जाने करतो. आदिलशाही गवंड्याने ते घळीत पाहिले आणि चुन्यादगडात उतरविले, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही. प्रेक्षक उपळी बुरुजाच्या ७७ पायऱ्या चढतात, तोफा पाहतात आणि परततात. आमच्या मते या किल्ल्याचा खरा मान बुरुजाला नसून बांधाला आहे. आज वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते भरून सांडले म्हणजेच नर-मादी वाहतात. काही वर्षी त्या वाहतच नाहीत. ज्या वर्षी वाहतात त्या वर्षी गर्दी इतकी लोटते की पोलीस लावावे लागतात. त्या गर्दीला आम्ही नावे ठेवणार नाही. पाणी वाया जाताना पाहण्याची चैन आमच्या जिल्ह्याला रोज कोठे मिळते?

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे लावून दिला. तेव्हा नळदुर्गला कारभारी म्हणून आला तो मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही त्याची कादंबरी १८३९ मध्येच गाजली होती. नळदुर्गला तो १८५७ पर्यंत होता. पुढे त्याच्या आत्मचरित्रात आणि चाँदबीबीवरील कादंबरीत त्याने हा परिसर प्रेमाने रंगविला. परका खरा, पण मुलूख हिंडून पाहणारा. १८६० मध्ये धाराशिव निजामाला परत मिळाले आणि जिल्ह्याचे ठाणे १९०४ मध्ये नळदुर्गहून धाराशिवला गेले. नळदुर्ग मागे पडले. घळ मात्र सीमेवर होती तशीच राहिली.

सीमेचा अर्थ वृद्ध मंडळींना विचारावा. रस्त्यावर निजामाचा करोडगिरीचा नाका. म्हणून माल घेऊन ओढ्याच्या वाटेने उतरायचे. १९४७-४८ मध्ये या वाटांना निराळेच मोल आले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा पेटला, रझाकारांचा जुलूम वाढला, आणि कार्यकर्त्यांची शिबिरे हद्दीपलीकडे सोलापूर-बार्शीच्या बाजूला उभी राहिली. गावे सोडून बायकापोरे खाली उतरली ती रात्री, घळींतून. रामलिंगाच्या बाजूला एका वयस्कर धनगर बाबांनी आम्हांला हटकले, ‘कुठं निघालाव पावनं, खाली काय हाय?’ धबधबा पाहावयास, असे सांगताच ते म्हणाले, ‘आमची माय मला पाठीला बांधून हितनंच उतरली व्हती. त्या राती पानी व्हतं, म्हनून पायांचा आवाज झाला न्हाई.’ धबधब्याची अशी तारीफ आम्ही कोणत्याही प्रवासवर्णनात वाचलेली नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापुराकडून निघाल्या. त्यांची पहिली गाठ होती नळदुर्गाशी, आणि नळदुर्गाची किल्ली होती बोरीवरील पूल. पूल उडविला गेला असता तर घळीने फौजेला अडविले असते. सातव्या ब्रिगेडने वेग साधून पूल शाबूत हाती घेतला, दुसऱ्या शीख पलटणीने हैदराबादच्या पायदळावर चाल केली आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि सोलापूर-धाराशिवमधील राज्याची हद्द पुसली गेली. धाराशिव हे जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे परत यायला २०२३ उजाडले.

हद्द गेली तशा त्या वाटाही चालल्या आहेत. त्यांवर बोरी-बाभळी वाढल्या, काही वाटा तलावाखाली गेल्या. प्रत्येक डोहाला, कपारीला, उतारवळणाला नाव आहे. पण ते नकाशात नाही, मोजणीखात्यात नाही, शाळेच्या पुस्तकात तर नाहीच. ते गुराख्यांच्या आणि धनगरांच्या तोंडी आहे. आम्ही दोन पावसाळे हिंडून ही नावे वहीत उतरविली आहेत. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी ऐंशी वर्षांचे कोणी असेल त्यांनी येत्या पावसाळ्याआधी त्यांच्याजवळ बसून आपल्या गावच्या ओढ्याची नावे लिहून घ्यावीत आणि आमच्याकडे पोहोचवावीत. वही अजून बरीच कोरी आहे.