वतन गेले, मान राहिला

दिवाळी आठ दिवसांवर आली की मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात एक फेरी मारायची, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. गेल्या वर्षी बरोबर भाचा होता. तो एडिंबऱ्याला नोकरीस असतो. चार वर्षांनी दिवाळीला घरी आला होता. आम्ही एका गाळ्यापुढे हरभऱ्याच्या डाळीचा भाव करीत उभे होतो. तेवढ्यात दुकानदाराने हाक मारली, "अहो पाटील, ती दोन पोती पुढे घ्या." आकड्याने पोते ओढून, पाठीवर तोलून एक साठीचे हमाल पुढे आले. लगेच दुसरी हाक, "देशमुख, यांची पावती करा." कोपऱ्यातल्या तरुण कारकुनाने मान वर केली.

भाचा हसून म्हणाला, "मामा, असल्या पदव्यांसाठी तिकडे लोक हजारो पौंड मोजतात!"

मला आधी थट्टाच वाटली. पण त्याने सांगितले ते ऐकण्यासारखे होते. स्कॉटलंडचा राजा एखाद्या सरदाराला सनद देऊन त्याच्या जमिनीची 'बॅरनी' करून देई. हा बॅरन म्हणजे लॉर्डांच्या सभेत बसणारा उमराव नव्हे. त्याची पदवी जमिनीला चिकटलेली. जमीन विकली की पदवीही घेणाऱ्याच्या घरी जाई. बॅरनची स्वतःची कचेरी भरे. तिथे तो कुळांचे तंटे तोडी, आणि जुन्या काळी चोराला फासावरही चढवी. १७४५ चे स्कॉटलंडातले बंड मोडल्यावर पार्लमेंटने १७४७ साली कायदा करून हे वंशपरंपरेचे न्यायाधिकार जवळजवळ संपवले. पुढे २००० साली स्कॉटलंडच्या नव्या पार्लमेंटने सरंजामी जमीनधाराच रद्द केली. २८ नोव्हेंबर २००४ पासून तो कायदा अंमलात आला. मात्र बॅरन ही पदवी त्याने जमिनीपासून सोडवून तशीच राहू दिली. आता मातीचे एक ढेकूळही न घेता नुसती पदवी विकत घेता येते.

"बाळ," मी म्हणालो, "हा बाजार आपल्याकडे फार जुना आहे."

वतन हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ राहते ठिकाण, मायभूमी. परगण्यावर देशमुख-देशपांडे, गावावर पाटील-कुळकर्णी, आणि पेठेवर शेटे-महाजन. शेट्याने पेठेत दुकाने वसवावी, बाजाराची व्यवस्था राखावी आणि दुकानामागे ठरलेला हक्क घ्यावा. आज बाजार समिती जे काम पाहते, त्याचेही एके काळी वतन होते! वतनाची अंगे तीन: काम, उत्पन्न आणि मान. अडीअडचणीत सापडलेला पाटील निम्मी पाटीलकी विकी, तेव्हा खरेदीखतात जमिनीइतकीच मानपानाचीही वाटणी होई. होळीला पोळी आधी कोणाची, पोळ्याला बैल पुढे कोणाचा, विडा आधी कोणाला, कागदावर नांगराची निशाणी वर कोणाची, हे सारे ठरवून घेत. तंटा झाला तर गोतसभा बसे, महजर होई. त्यानेही निकाल लागेना तर माणसे रवादिव्य करीत, म्हणजे उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढीत. मानासाठी हात भाजून घेणारी आपली माणसे!

हे वतनदार म्हणजे आपापल्या मुलखातले छोटे राजेच. म्हणून शिवाजीमहाराजांनी त्यांचे बुरुजबंद वाडे पाडून त्यांना सामान्य रयतेसारखी घरे बांधायला लावली, असे सभासद सांगतो. पुढे राजाराममहाराजांच्या वेळी स्वराज्यावर संकट आले आणि माणसे मोगलांकडे जाऊ नयेत म्हणून पुन्हा वतने वाटावी लागली. महादजी शिंद्यांचेच पाहा ना. १७८४ साली दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांना वकील-ई-मुतलकी दिली आणि त्यांच्या वतीने तिचा कारभार महादजींच्या हाती आला. पण साऱ्या हिंदुस्थानात दरारा असलेला हा पुरुष स्वतःला पाटील म्हणवण्यातच भूषण मानी.

आणि गंमत अशी, की या वतनांचा इतिहास इंग्रजीत नेला तो स्कॉटलंडच्याच माणसांनी. एल्फिन्स्टनसाहेबाने १८१९ च्या आपल्या अहवालात आपल्या गावगाड्याचे वर्णन केले. साताऱ्यास राहिलेल्या जेम्स ग्रँटने मराठ्यांचा इतिहास लिहिला. तो १८२६ साली छापून निघाला. मायदेशी परतल्यावर ईडन नावाची मिळकत त्याच्याकडे आली, आणि तिच्याबरोबर त्याने 'डफ' हे नावही आपल्या नावास जोडले. आपण त्याला ग्रँट डफ म्हणून ओळखतो तो यामुळे. मिळकतीबरोबर नाव कसे चालत येते, हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

भाच्याने विचारले, "मग आपल्याकडे हे संपले कधी?"

देशमुखी, देशपांडेपण आणि कुळकर्णी वतने १९५० च्या मुंबई राज्याच्या कायद्याने गेली. १ मे १९५१ पासून तो लागू झाला. मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ रोजी गेली. पण या दोहोंच्या मध्ये आणखी एक कायदा झाला, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. गावात असेही एक वतन होते, ज्यात मान नव्हता, नुसते काम होते. महार वतनदाराने रात्रीबेरात्री हाकेला धावायचे, सरकारी सांगावा पोचवायचा, सीमा राखायची. आणि पदरात काय, तर तुटपुंजी जमीन आणि बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, बाबासाहेबांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. पाटलाला वतन गेल्याची हळहळ वाटली. या माणसांची मात्र बेडी तुटली. म्हणून वतनाच्या आठवणीने गहिवरण्याआधी आपण क्षणभर थांबावे.

हे मी भाच्याला सांगत होतो खरा, पण मनात दुसरेच चालले होते. आमच्या घरी निम्मी पाटीलकी होती. थोरली तक्षीम चुलत्यांची, धाकटी आमची. सरकारने पाटीलकी काढून घेतल्यावर तीन वर्षांनी, होय, नंतर, पोळ्याच्या दिवशी वेशीतून बैल आधी कोणाचा न्यायचा यावरून दोन्ही घरांत काठ्या निघाल्या. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. काम नव्हते, उत्पन्न नव्हते, उरला होता फक्त मान. आणि त्यापायी येणेजाणे तुटले ते कायमचे. पुढे बैल गेले, वडील गेले, चुलते गेले. चुलतभाऊ मार्केट यार्डापासून हाकेच्या अंतरावर, बिबवेवाडीला राहतो. दरवर्षी मी तिथवर येऊन डाळगूळ घेऊन परत जात असे.

पाडव्याला मी फराळाचा डबा बांधला आणि भाच्याला बरोबर घेतले. दाराशी पोचल्यावर पाय अडखळला. भाचा हळूच म्हणाला, "मामा, आत आधी कोण जायचं?"

"तू जा," मी म्हणालो. "तू बहिणीचा मुलगा. तुला तक्षीम नाही."

दार भावानेच उघडले. क्षणभर तो माझ्याकडे पाहत राहिला. मग आत वळून म्हणाला, "अगं, धाकट्या घरचे आले आहेत. दोन पाट मांड." पाट शेजारीशेजारी मांडले गेले. ताट आधी कोणाचे वाढले, ते मला खरेच आठवत नाही.