रेडिओच्या कानापासून मनगटापर्यंत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घरात गाणे लावायचे आणि बंद करायचे, यात सांगण्यासारखा इतिहास तो काय, असे कुणालाही वाटेल. पण गाण्याची कळ घरात कुणाच्या हाती आहे, यावर त्या घराची बरीच रीतभात ठरत आली आहे. ही कळ आता मनगटी घड्याळात येऊन बसली आहे. घरातल्या ध्वनिक्षेपकाला घड्याळावरून हुकूम देणारी अॅप्स तयार होतात. ती रचणाऱ्यांपुढचे प्रश्न मात्र डोंबिवलीच्या दोन खोल्यांत रेडिओ आला, तेव्हापासूनचेच आहेत.

मुंबईत रेडिओ क्लबने प्रायोगिक प्रसारण केले ते १९२३ साली. रीतसर केंद्राचे उद्घाटन लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते २३ जुलै १९२७ रोजी झाले. घरोघरी संच पोचायला मात्र पुढची दोन-तीन दशके गेली. आपल्या ठाण्यातच मर्फी रेडिओचा कारखाना होता. ओठांवर बोट ठेवलेले ते गुटगुटीत बाळ अनेकांना अजून आठवत असेल. संचासाठी पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. फडताळावर, विणलेल्या रुमालाखाली रेडिओ विराजमान असे आणि त्याला दोन कान असत. एक आवाजाचा, दुसरा स्टेशन लावायचा. ‘रेडिओचा कान पिळ’ हा शब्दप्रयोग तेव्हाचाच. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि या कानांना उसंत राहिली नाही.

त्या काळी घरात दूरनियंत्रक नव्हता असे कोण म्हणेल? घरातले धाकटे मूल हाच दूरनियंत्रक. ‘जा रे, आवाज कमी कर’ म्हटले की ते उठे. पण यात एक मोठी गोष्ट होती. रेडिओचा कान सर्वांच्या मालकीचा होता. आजी बातम्यांना आवाज वाढवी, वडील झोपताना बंद करीत, शेजारीण आली तरी तिलाही तो फिरवता येई. शिकावे लागत नव्हते, आणि कुणाची परवानगीही लागत नव्हती.

खुर्चीवरून न उठता कळ फिरवायची हौस अमेरिकेत आधीच जागी झाली होती. फिल्को कंपनीने १९३९ च्या संचांबरोबर एक लाकडी पेटी दिली. टेलिफोनसारखी तबकडी फिरवली की तारेवाचून स्टेशन बदले. पुढे १९५६ मध्ये झेनिथ कंपनीने रॉबर्ट अॅडलर यांनी विकसित केलेला दूरचित्रवाणीचा दूरनियंत्रक आणला. त्यात विजेरीही नव्हती. बटण दाबले की छोटी हातोडी अॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटे, माणसाला न ऐकू येणारा सूक्ष्म नाद निघे आणि संच तो ओळखे. बटणे मोजकी, अंधारातही बोटांना सापडतील अशी. हा धडा पुढचे यंत्रज्ञ वारंवार विसरले.

आता घड्याळाकडे वळू. आपल्याकडे एचएमटीचा बंगळुरूचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला. नोकरी लागली, लग्न ठरले की मनगटावर एचएमटी येई. त्याच सिटिझनने २००१ मध्ये आयबीएमबरोबर ‘वॉचपॅड’ नावाचे, संगणकाची प्रणाली चालवणारे घड्याळ तयार केले. ते बाजारात रुजले नाही. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णयही २०१६ मध्ये झाला. पण मनगटावर संगणक मावतो, हे सिद्ध झाले होते.

दुसरीकडे गाणी तबकडीतून आणि फितीतून निघून घरातल्या संगणकजाळ्यात शिरली होती. स्लिम डिव्हायसेस या छोट्या अमेरिकी कंपनीने २००१ मध्ये संगणकातली गाणी दिवाणखान्यात वाजवणारी पेटी काढली. २००३ मध्ये तिचेच ‘स्क्वीझबॉक्स’ आले. सोनोस कंपनीची यंत्रणा २००५ मध्ये विक्रीला आली. तिच्यासोबत पडदा आणि फिरते चाक असलेला हातातला नियंत्रक मिळे. खोलीखोलीत निरनिराळे गाणे, आणि सारे एका चाकावर. २००८ पासून हे काम आयफोनवरून होऊ लागले, आणि कळ दिवाणखान्यातून खिशात गेली.

इथे काहीतरी बदलले. फोन हा एकाचा असतो. त्याला कुलूप असते. मुलगा फोन घेऊन लोकल पकडायला गेला की घरातले गाणे लावायची किल्लीही त्याच्याबरोबर कोपर, मुंब्रा ओलांडून जाते. आजी ध्वनिक्षेपकासमोर बसलेली, आणि तो मुका.

मग घड्याळ आले. ‘पेबल’ या घड्याळासाठी २०१२ मध्ये लोकांनी आगाऊ पैसे भरून १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. त्याला चार बटणे होती, आणि न बघता गाणे थांबवता येई किंवा पुढचे लावता येई. एप्रिल २०१५ मध्ये अॅपलचे घड्याळ आले. त्याच्या बाजूच्या चावीने आवाज कमी-जास्त होऊ लागला. गंमत पाहा, पन्नास वर्षे बटणे आणि पडदे यांत फिरून आपण पुन्हा कान पिळायलाच आलो! याला कारणही आहे. कणकेचे किंवा भांड्यांच्या पाण्याचे हात असले की काचेचा पडदा नीट ऐकत नाही. फिरती चावी मात्र ऐकते.

असे अॅप रचताना पहिला मोह होतो तो फोनवरचे सारे काही घड्याळावर बसवण्याचा. तो टाळावा लागतो. घड्याळाकडे माणूस दोन-चार सेकंद पाहतो. तेवढ्यात हवे असते ते इतकेच : थांबव, सुरू कर, पुढचे लाव, आवाज, आणि कोणती खोली. गाणे शोधणे हे मनगटाचे काम नव्हे.

दुसरा प्रश्न आवाजाचा. घड्याळाचा हुकूम पुष्कळदा आधी ब्लूटूथने फोनकडे, तिथून वाय-फायने ध्वनिक्षेपकाकडे जातो. या प्रवासात क्षणभर उशीर होतो. काही झाले नाही असे समजून माणूस आणखी चार वेळा चावी फिरवतो आणि मग सगळे हुकूम एकदम पोचतात. रात्री अकरा वाजता, भिंतीला भिंत लागून असलेल्या सोसायटीत हा विनोद राहत नाही. म्हणून जाणते रचनाकार प्रत्येक वळसा न पाठवता शेवटी जो आकडा ठरला तोच पाठवतात, एका दमात आवाज किती चढावा यावर मर्यादा घालतात आणि हुकूम खरोखर पोचल्यावरच मनगटाला हलका हिसका देतात. संबंध तुटला असेल तर तसे सांगतात, खोटे चित्र दाखवत नाहीत.

तिसरा प्रश्न खास आपला. ही बहुतेक अॅप्स गाणे, गायक, अल्बम अशा तीन ओळी धरून चालतात. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चे. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि त्यात गायले वसंतराव देशपांडे. या नाट्यपदाच्या ओळखीत नाटक, संगीतकार आणि राग यांना मान आहे. अल्बमला नाही. ख्यालाच्या मैफलीत तर ‘पुढचे गाणे’ म्हणजे काय हाच प्रश्न. विलंबित संपून द्रुत सुरू होणार, तोच बोट लागले की राग अर्ध्यावर सुटतो. शिवाय देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार. इंग्रजी अक्षरांसाठी बेतलेल्या ओळीत त्यांचे शेंडे आणि पाय कापले जातात. मराठी माणूस ही अॅप्स रचायला बसला, तर या गोष्टी त्याला कुणी सांगाव्या लागू नयेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. रेडिओचा कान एकदा विकत घेतला की तो आपला असे. नव्या यंत्रणेत तसे नाही. सोनोसने आपला तो चाकाचा नियंत्रक २०१८ मध्ये बाद ठरवला; चालू स्थितीतले नियंत्रकही नव्या प्रणालीवर चालेनासे झाले. मे २०२४ मध्ये कंपनीने नवे अॅप दिले, त्यात गजर आणि झोपेचा टायमर यांसारख्या जुन्या सोयी सुरुवातीला गायब होत्या. पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीवर विसंबून असलेल्या अंध श्रोत्यांचीही अडचण झाली. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी पद सोडले. पेबल कंपनी तर २०१६ मध्येच बंद पडली.

पण चित्राला दुसरी बाजूही आहे. स्क्वीझबॉक्स ज्यांच्याकडे गेले होते त्या लॉजिटेकने २०१२ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. तरी त्याची संगणकीय प्रणाली सर्वांसाठी खुली होती. हौशी मंडळींनी ती जिवंत ठेवली आणि २०२४ पासून ती ‘लिरियन’ या नव्या नावाने चालते. पेबलची घड्याळेही वापरणाऱ्यांनीच चालू ठेवली आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने त्यांची प्रणाली खुली केली. ज्याची रचना उघडी, ते यंत्र कंपनीच्या मागे जगते. रेडिओ दुरुस्त करणारा कोपऱ्यावरचा कारागीर जे काम करी, तेच हे लोक करीत आहेत.

डोंबिवली हे गाण्याचे गाव. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाई लोटते, लोकलच्या डब्यात भजनी मंडळे टाळ काढतात. या गावातून रोज हजारो तरुण संगणकाच्या नोकरीसाठी गाडी पकडतात. त्यांच्यापैकी कुणी उद्या असे अॅप रचेल, तर त्याच्यापुढे एवढीच विनंती ठेवावीशी वाटते. घड्याळावरची कळ जरूर द्या, पण ध्वनिक्षेपकावरची खरी, बोटांना लागणारी कळ काढून टाकू नका. घड्याळ एकाच्या मनगटावर असते, घरात माणसे चार असतात. घरातली सर्वांत म्हातारी व्यक्ती कुणालाही हाक न मारता गाणे लावू शकली, तरच आपण रेडिओच्या पुढे गेलो असे म्हणता येईल.